मेलेल्या नवऱ्याची सात वर्षं

प्रुनेनी, १४ ऑक्टोबर १९३५

वेतुरिया मावशी,

कॉलेजातून माझं नाव काढल्याचा कागद तुझ्या पत्त्यावर आला असेल. तो येण्याआधी मीच कळवणार होतो, पण कसं कळवावं हे सुचेपर्यंत मी गावी पोचलोही होतो. आधी कारण ऐक, मग हवं तेवढं रागाव.

आईचं पोस्टकार्ड आलं. त्यात तीन वाक्यं होती. 'सावेताचं गुरुवारी वालेरशी लग्न झालं. आम्ही ठीक आहोत. कोबी खारवून झाला.'

मी दोन वर्षं क्लुजमध्ये रोमन कायदा शिकलो असं तुला वाटतं. मी दोन वर्षं सावेताचा विचार केला, कायदा मागे कुठेतरी चालू होता. तिला हे मी अजून सांगितलेलं नव्हतं. पण तिला कळलंच असणार. सुट्टीत मी तिच्या दारावरून दिवसातून सहा वेळा जातो, आणि तिचं घर कुठेही जायच्या वाटेवर नाही.

वर्गात प्राध्यापक नेमके विवाहातल्या संमतीवर बोलत होते. मी उठून म्हणालो, "कसली संमती आणि कसलं काय," आणि दार आपटून निघालो. स्टेशनपासून गावापर्यंत तेरा किलोमीटर मुठी आवळून चाललो. थेट वालेरच्या दारात. त्याच्या आईने, तोदोसियाकाकूने दार उघडलं.

"कुठाय तुमचा वालेर? बाहेर बोलवा त्याला."

"चर्चच्या मागे आहे," ती म्हणाली. "डाव्या अंगाला, तिसरा. जा, भेट. उठायचा मात्र नाही तो."

मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिला वाटलं, मी दुःखाने वेडा होऊन धावत आलोय. मुठी उघडाव्या लागल्या, कारण तिने माझ्या हातात श्राद्धाच्या गोड गव्हाची वाटी ठेवली. दोन वाट्या खाल्ल्या. वालेर गोठ्याच्या छपरावरून पडून गेला, हे आईने आदल्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी उघडलं नव्हतं.

तर झालं ते असं. पोरगा लग्नावाचून गेला, म्हणून रीतीप्रमाणे मातीच्या दिवशीच त्याचं लग्न लावलं. पांढरा झगा, मुकुट, पुढे वाजंत्री, मागे शवपेटी. नवरी म्हणून सावेताला उभं केलं. कबरीशी देवदाराचं रोप लावलं आणि तिने त्याला आपला लाल धागा बांधला. इथवर ठीक. पण गाव म्हणतं, मेलेल्याची नवरी सात वर्षं त्याचीच. तोवर तिला कुणी मागणी घालायची नाही. सात वर्षांनी मी एकोणतीस वर्षांचा होईन, म्हणजे आयुष्य संपलंच.

मी गप्प बसणार नाही. ईस्टरला बिशप येणार आहेत, आणि त्यांच्या हाती द्यायला पाद्रींना आपल्या कबरस्तानाचा इतिहास हवाय. ते काम मी घेतलं. जुन्या कागदांत आधीच्या नवऱ्या कशा सुटल्या ते सापडेलच. निदान एवढा कायदा मी शिकलो आहे.

तुझा,
गाव्रिल


क्लुज, १९ ऑक्टोबर

गाव्रिल,

कागद आला. त्यावर तुझी गैरहजेरी मांडली आहे. तू आलास ते दिवस मांडले असते तर कागद कमी लागला असता.

तुझी आई माझी बहीण आहे, म्हणून तिच्या पत्रलेखनाविषयी काही बोलत नाही. कोबी चांगला झाला असेल अशी आशा आहे.

एका मेलेल्या माणसाला मारायला तू तेरा किलोमीटर चालत गेलास. आपल्या घराण्यात इतकी मेहनत जिवंत माणसासाठीसुद्धा कुणी घेतलेली नाही. सावेता यावर काय म्हणते, ते तुझ्या चार पानांत मला कुठे दिसलं नाही. माझा चष्मा जुना आहे, पुन्हा वाचून पाहीन.

कबरस्तानाचा इतिहास जरूर लिही. सात वर्षांच्या रीतीला मात्र हात लावू नकोस. जुनी रीत आहे, राहू दे तिला.

वेतुरिया


प्रुनेनी, ३ नोव्हेंबर

मावशी,

जुन्या रीतीला हात लावू नको, हे तू म्हणतेस? तू, जिने माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रींना विचारलं होतं की पाणी गरम केलंय का? तब्येत बरी आहे ना?

इतिहास जोरात चाललाय. कबरी खोदणारा पावेलआजोबा हा माझा मुख्य ग्रंथ. तो ग्रंथ सकाळी पालिंका दारूचा एक पेला घेतल्याशिवाय उघडत नाही, आणि तिसऱ्यानंतर मिटत नाही.

गाव सांगतं, टेकडीची जागा बैलांनी निवडली. पहिल्या मयताची गाडी ओढता ओढता बैल तिथे थांबले आणि पुढे हलेनात, म्हणजे देवाचीच इच्छा. पावेलआजोबा म्हणाला, "चाक मोडलं होतं. गाडी माझ्या पणज्याची. देवाने नवीन चाक दिलं नाही, एवढाच काय तो देवाचा संबंध."

उत्तरेच्या कोपऱ्यात एक नोटरी पालथा पुरलाय. उठायला लागला तर खालीच खणत जाईल, म्हणून. शंभर वर्षांत तो कुठवर पोचला असेल, यावर दर रविवारी चर्चा होते.

सर्वांत शेवटी पुरलेल्याने फाटकावर पहारा द्यायचा, पुढचा येईपर्यंत, हे तुला ठाऊकच आहे. १८८८ साली एकाच दिवशी दोन मयतं निघाली. पहिला जो आत जाईल त्याची लगेच सुटका, म्हणून दोन्ही घरची माणसं पेट्या घेऊन पळाली. एक पेटी ओढ्यात पडली. तो हरला, आणि पुढे अकरा महिने गावात कुणी मेलंच नाही. प्रुनेनीच्या इतिहासातलं ते सर्वांत निरोगी वर्ष. त्याची बायको रोज गावातल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करत फिरायची. काहींनी तर दार उघडणं सोडून दिलं.

नवरीच्या रीतीबद्दल विचारलं, "आजोबा, सातच का?"

"सात म्हणजे सात. पाच असती तर पाच म्हणालो असतो."

"कधीपासूनची रीत?"

"मी पोरगा होतो तेव्हापासूनची. किंवा म्हातारा झालो तेव्हापासूनची. दोन्हीतलं एक."

पाद्रींना दाकी, म्हणजे रोमनांच्याही आधीचे, पूर्वज फार आवडतात, म्हणून कच्च्या मसुद्यात मी लिहून ठेवलं आहे, 'ही रीत आपल्या दाकी पूर्वजांच्या काळापासून अखंड चालत आली आहे.' पाद्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुरावा पुढेमागे मिळेल.

या कामात मला एक साथीदारही मिळालाय. जंगलरक्षक पेत्राके. पंचेचाळिशीचा आहे, दोन बायका पुरून झाल्यात. सावेताच्या बापाशी, झाहारियेशी त्याची ऊठबस आहे. परवा मला म्हणाला, "ही सात वर्षं म्हणजे रानटीपणा आहे, पोरा. लाव निकाल." इतका प्रगत विचार मी त्याच्याकडून अपेक्षिला नव्हता.

आणि सावेताशी बोललो. दर शनिवारी ती तोदोसियाकाकूकडे जाते. गायीचं दूध काढून परत निघाली होती. मी म्हणालो, "काळजी करू नकोस, मी तुला सोडवतो."

ती म्हणाली, "मी बांधलेली आहे असं तुला कुणी सांगितलं?"

किती धीराची मुलगी आहे, बघ.

गाव्रिल


क्लुज, ९ नोव्हेंबर

गाव्रिल,

पालथ्या नोटरीचा भाग उत्तम. तेवढाच छाप. बिशपही माणूस आहे, त्याला हसायला आवडेल.

त्या नवरींचं प्रकरण गाळ. कंटाळवाणं आहे. त्याऐवजी विहिरींवर लिही.

आणि पेत्राके तुझ्या बाजूने का आहे, याचा एकदा शांतपणे विचार कर. तुला शांतपणे करता येत नसेल तर बसून कर.

वेतुरिया


प्रुनेनी, १ डिसेंबर

मावशी,

विहिरींवर लिहायचं म्हणून, विहिरीत पडून कोण कोण गेलं ते बघायला मी पाद्रींकडून मयतांची जुनी वही मागितली. तुझं ऐकावं म्हणून. माझ्या आज्ञाधारकपणाला कधी नव्हे ते फळ आलं.

वहीच्या समासात आधीच्या पाद्रींनी बारीक अक्षरात मेलेल्यांच्या नवऱ्या लिहून ठेवल्यात. १८२३, तोआदेर, वीज पडून. नवरी आना. चाळिसाव्या दिवशी तिने धागा सोडला, पुढे लोहाराशी लग्न. १८५६, तेच. १८७९, तेच. अशा अकरा नवऱ्या आहेत. अकराही जणींनी चाळिसाव्या दिवशी स्वतः जाऊन झाडावरचा धागा सोडला, की संपलं. सात वर्षांचा शब्दही नाही. दाकी पूर्वजांना मी फुकटच त्रास दिला.

बारावी नोंद १९११ ची. 'अलेक्सा, तराफ्यावरून पडून नदीत बुडाला, वय वीस. नवरी वेतुरिया, वय सतरा. धागा सोडलेला नाही.'

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तू आधी जेवून घे."

इतकी वर्षं मी तुझ्या घरी जेवलो, झोपलो. भिंतीवर एकाही पुरुषाचा फोटो नाही, याचा मी कधी विचार केला नाही. मला वाटायचं तुला माणसंच आवडत नाहीत. गावाने तुला बांधून घातलं, तुझं आयुष्य नासवलं, आणि आता तेच सावेताचं करणार. माझं रक्त उकळतंय, मावशी. फक्त एवढं लिही: ही सात वर्षं कुणी काढली? तो जिवंत असेल तर मी त्याला धरतो.

गाव्रिल


क्लुज, १० डिसेंबर

गाव्रिल,

ये, धर. मी काढली.

अलेक्साला मी तीनदा पाहिलं होतं, त्यात एकदा पेटीत. चांगला मुलगा होता, असं सगळे म्हणतात. मला माहीत नाही. चाळिसाव्या दिवशी मी धागा सोडायला निघाले, तेवढ्यात बाबांनी हाक मारली. अंगणात गिरणीवाला बसला होता. विधुर, पाच मुलं, तोंडाला कांद्याचा वास. बाबा म्हणाले, "आज मोकळी होतेस ना? हे थांबलेत."

मी टेकडीवर गेले खरी, पण धागा नाही सोडला. खाली आले ती थेट अलेक्साच्या आईकडे. तिला म्हटलं, अलेक्सा स्वप्नात आला होता. म्हणाला, सात वर्षं थांब. सात अशासाठी की दहा म्हटलं असतं तर बाबांनी घासाघीस केली असती. ती माउली रडली आणि गावभर सांगत सुटली. दोन वर्षांत म्हातारे शपथेवर सांगू लागले की त्यांच्या आजीच्या वेळीही सातच होती. माझ्याच समोर सांगायचे.

गिरणीवाला दुसरीकडे गेला. मी क्लुजला शिवण शिकायला आले. विधवेला खोली लगेच मिळते. कुमारिकेला शंभर प्रश्न विचारतात. मेलेल्या नवऱ्यासारखी शिफारस नाही, गाव्रिल. माझं आयुष्य कुणी नासवलेलं नाही. तू ज्याला नासलेलं आयुष्य म्हणतोस, त्यातच बसून दर रविवारी दोनदा मागून सूप पितोस.

कागद संपला, मागे लिहिते.

मागच्या बाजूचं नीट वाच. हे कुणालाही सांगण्याआधी सावेताला विचार. ही सात वर्षं मी नको असलेल्या नवऱ्यापासून वाचायला काढली होती. तिनेही त्याचसाठी धरून ठेवली असतील. पेत्राकेला ती का नकोत, हे तुला आता तरी कळावं. तिचं छप्पर आहे ते. तुला ते गळकं दिसतं, म्हणून काढून टाकू नकोस.

वेतुरिया


प्रुनेनी, १६ डिसेंबर

मावशी,

काल रविवार. प्रार्थना संपल्यावर, गावाचं टपाल सांभाळणाऱ्या पाद्रीणबाईंनी चर्चच्या पायरीवर तुझं पत्र हातात दिलं. मी तिथेच उघडलं. तिथेच वाचलं. सूपपर्यंत.

पुढे काय झालं ते तुला कळलंच असेल. मी दगडी कट्ट्यावर चढलो आणि सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. दाकी पूर्वज नाहीत, शाप नाही, मेलेल्याची आज्ञा नाही, सगळी माझ्या मावशीची करामत. मला वाटलं लोक चिडतील. पावेलआजोबा म्हणाला, "मला आधीच शंका होती," आणि बाकीच्यांनाही लगेच आठवलं की त्यांनाही होती.

तोदोसियाकाकू फक्त म्हणाली, "मग शनिवारी माझ्याकडे कोण येणार, ते सांग. तुझं वाचन चालू दे, पण तेवढं सांग."

मी कट्ट्यावरून खाली उतरलो.

सावेता गर्दीतून पुढे आली. मी हात पुढे केला. तिने हातातलं पत्र घेतलं.

"गाव्रिल, तुला वाचता येतं ना?"

"येतं."

"मग कागद उलटता का येत नाही?"

तिने उलटून माझ्यापुढे धरला. मी मनातल्या मनात वाचलं. माझ्या खांद्यावरून पेत्राकेनेही वाचलं असावं, कारण तो हसला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाबास पोरा, फार चांगलं काम केलंस." मग तो झाहारियेच्या गळ्यात हात टाकून त्यांच्या घराकडे गेला.

आता नाताळचा उपवास आहे, म्हणून लग्न लागत नाही. उपवास संपला, सण झाले, की १२ जानेवारीला सावेता पेत्राकेची. बापाने शब्द दिलाय. मी त्याच्या दारात जाऊन भांडलो. तो म्हणाला, "तू कोण? कॉलेजात आहेस का? जमीन आहे का? पोरीने कधी तुझं नाव घेतलंय का?" तिन्हींना उत्तर एकच होतं.

सावेता माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे. काय करू, सांग. या वेळी तू सांगशील तेवढंच करेन.

गाव्रिल


क्लुज, २० डिसेंबर

गाव्रिल,

सोबत एक बंद पाकीट आहे. ते सावेताला दे. उघडू नकोस, उजेडाला धरू नकोस, आणि दिल्यावर समोर उभा राहू नकोस. ती जे सांगेल ते कर. काही सांगितलं नाही, तर काही करू नकोस. हे दुसरं तुला जास्त जड जाईल.

वेतुरिया


प्रुनेनी, ८ जानेवारी १९३६

मावशी,

पाकीट बंदच दिलं. याची कुठेतरी नोंद व्हावी.

सावेताने पाच दिवसांनी निरोप धाडला, तोदोसियाकाकूच्या हाती. तोदोसियाकाकू तो सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. 'सहा तारखेला गाव नदीवर असेल तेव्हा कबरस्तानात थांब. गाठोडं उचलायला माणूस लागेल.'

परवा सकाळी सगळं गाव पाद्रींच्या मागे नदीवर गेलं, बाप्तिस्म्याच्या सणाचं पाणी मंत्रायला. मी पहाटेच पावेलआजोबाच्या अवजारांच्या खोपीत जाऊन बसलो होतो. त्यानंतर बर्फ पडला. नऊच्या सुमारास ती फाटकातून आली, वालेरच्या कबरीपाशी गेली. तिने लोकरी हातमोजे काढले, लाल धाग्याची गाठ सोडली. गारठ्याने बोटं चालेनात, तिला वेळ लागला. मी मदतीला उठलो नाही. ती वालेरला काहीतरी म्हणाली, ते मी ऐकलं नाही. मग मी गाठोडं घेतलं आणि आम्ही मागच्या कुंपणातून स्टेशनकडे निघालो. गाडीत बसवून मी परत आलो.

संध्याकाळपर्यंत गाव कबरस्तानात जमलं होतं. बर्फात स्पष्ट दिसत होतं. पुढच्या फाटकातून एक बाई आत आली. वालेरच्या कबरीपासून तिच्यासोबत पुरुषाच्या बुटांचे ठसे सुरू झाले. आत एकटी गेली, बाहेर दोघं पडली.

खोपीपासून कबरीपर्यंतचे ठसे बघ्यांनी तुडवून टाकले होते. पावेलआजोबाने माझ्या बुटांकडे एकदा पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "वालेरच तो. डावा पाय फेंगडा टाकायचा पोरगा. बघा की." सगळ्यांना डावा पाय फेंगडा दिसला.

झाहारिये नुसता दात खातोय. पेत्राकेने शोध घ्यायला नकार दिला. जंगलात शिकारचोरांना तो भीत नाही, पण हे वेगळं. तोदोसियाकाकू मात्र आज दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "चालत नेली त्याने. म्हणजे पाय दुखत नाहीत आता." निरोप तिनेच आणला होता, मावशी. तिला सगळं ठाऊक आहे. तरी ती सांगत होती, आणि तिचा चेहरा असा होता की मी खोडून काढू शकलो नाही.

पाद्रींनी ही हकीकत इतिहासात घालायला सांगितली. मी घातली. ऐकली तशी, शब्दही न बदलता.

गाव्रिल


क्लुज, १२ जानेवारी

गाव्रिल,

आज तिच्या लग्नाचा दिवस. ती सकाळपासून माझ्या यंत्रावर बसून एका वकीलबाईंच्या पडद्यांना काठ लावते आहे. टाके सरळ आहेत, माझ्यापेक्षाही. हे तिला सांगणार नाही.

पाकिटात मी एवढंच लिहिलं होतं की माझ्याकडे एक खाट रिकामी आहे, आणि गाव्रिलशी त्या खाटेचा काही संबंध नाही.

तिने तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली. "तेरा किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं आजारी आहे. स्टेशनवर शेवटी तोंड उघडलं, तर म्हणाला, गाडी दुसऱ्या फलाटावर येते." आमच्या माहितीप्रमाणे त्या स्टेशनात फलाट एकच आहे.

मी तिला विचारलं, तुला तो हवा आहे का? ती म्हणाली, "हे तुम्ही का विचारता?"

उत्तर मला पटलं. पुढचं तुझं तू बघ.

वेतुरिया


प्रुनेनी, १७ जानेवारी

सावेता,

हे पत्र मी सहा वेळा फाडलं. कायद्याची भाषा आली म्हणून दोनदा, वालेरबद्दल वाईटसाईट लिहिलं म्हणून दोनदा, आणि नुसता रडलो म्हणून दोनदा.

त्या दिवशी कट्ट्यावर चढण्याआधी जे विचारायला हवं होतं, ते विचारतो. तुला माझ्याशी लग्न करायचं आहे का?

उत्तर येईपर्यंत दर शनिवारी तोदोसियाकाकूच्या गायीचं दूध मी काढणार आहे. उत्तर आल्यावरही काढेन. गाय लाथ मारते, हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

गाव्रिल


क्लुज, २३ जानेवारी

गाव्रिल,

उजवीकडून जा, मग मारत नाही.

माझं लग्न एकदा झालेलं आहे, त्यामुळे दुसऱ्याची घाई नाही. शिवण पूर्ण शिकल्याशिवाय मी इथून हलणार नाही, तुझ्यासाठीही नाही. तू मला आवडतोस का, हे मला अजून माहीत नाही. दारावरून जाणारा माणूस कसा दिसतो एवढंच मी पाहिलंय, तेही घाईघाईत.

रविवारी दुपारी आम्ही मोकळ्या असतो. मावशी म्हणतात सूप दोघींपुरतं होतं, पण पाणी वाढवता येईल. ये. उत्तर न्यायला येऊ नकोस, बोलायला ये.

सावेता